गावाची शांतता : नांदती आणि ओसाड

(कोकणातील गावभेटी या विषयावर रत्नागिरी येथे झालेल्या भाषणाची संहिता)

मे महिन्याची सुटी लागली, की पुण्या-मुंबईकडील हजारो कुटुंबे कोकणची वाट धरतात. कुणाला समुद्र हवा असतो, कुणाला हापूस, कुणाला ताजी मासळी. पण यांपैकी बहुतेकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते, ‘चार दिवस शांत ठिकाणी राहून येऊ.’ शहरातील गोंगाटाला कंटाळलेल्या माणसाची ही इच्छा स्वाभाविक आहे. तिच्यात वावगे काहीच नाही. मात्र ज्या शांततेच्या ओढीने हा पाहुणा येतो, ती शांतता कशाची आहे, हा प्रश्न तो क्वचितच विचारतो.

शांतता दोन प्रकारची असते. शेतकरी पहाटे शेतावर गेला आहे, मुले शाळेत आहेत, आजी ओटीवर तांदूळ निवडत बसली आहे, गोठ्यात एखादे वासरू हंबरते आहे आणि बाकी सारे निवांत आहे, ही नांदत्या घराची शांतता. दाराला कुलूप आहे, अंगणात गवत माजले आहे, तुळशीवृंदावनात तुळस उरलेली नाही आणि मागील दारी आंबा पिकून गळतो आहे पण वेचायला कुणी नाही, ही ओसाड घराची शांतता. दुरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच रमणीय वाटतात. जवळ गेल्यावर त्यांतील अंतर कळते. आजच्या विवेचनाचा विषय हे अंतर हाच आहे आणि त्यासाठी उदाहरण घ्यावयाचे आहे ते आपल्याच जिल्ह्यातील दापोलीचे.

कॅम्प दापोली

समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फूट उंचीवर, सागराच्या वाऱ्याच्या टप्प्यात वसलेले दापोली हे तालुक्याचे गाव. रेल्वे इथे येत नाही. जवळचे स्थानक खेड. तेथून घाटवळणांच्या रस्त्याने सुमारे तीस किलोमीटर आल्यावर सुरूची झाडे दिसू लागतात आणि हवा पालटते. पेशवाईचा अस्त झाल्यावर इंग्रजांनी दक्षिण कोकणातील आपली छावणी इथे ठेवली. म्हणून जुनी माणसे अजूनही ‘कॅम्प दापोली’ असेच म्हणतात. छावणी केव्हाच उठली. तिचे मोकळे मैदान गावाच्या मध्यभागी आझाद मैदान म्हणून उरले आणि निवृत्त शिपायांची, सुभेदारांची वस्ती गावाच्या इतिहासात मिसळून गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील सुभेदार रामजी हेही निवृत्तीनंतर काही काळ इथे राहिले होते.

या लहानशा तालुक्याने देशाला किती माणसे दिली याची मोजदाद केली, तर मन थक्क होते. लोकमान्य टिळकांचे मूळ गाव चिखलगाव याच तालुक्यातले. महर्षी धोंडो केशव कर्वे मुरुडचे. केंब्रिजचे सीनिअर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मुर्डीचे. कादंबरीकार श्री. ना. पेंडसे यांचाही जन्म मुर्डीचाच. ‘गारंबीचा बापू’ या १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कादंबरीतील गारंबी हे गावही याच परिसरातले. साने गुरुजी पालगडचे. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांचे शालेय शिक्षण दापोलीत झाले. कर्वे यांना १९५८ साली आणि काणे यांना १९६३ साली भारतरत्न मिळाले. एका आडवळणाच्या तालुक्याशी दोन भारतरत्नांचे नाते जडावे, हे भाग्य थोड्याच भूमींच्या वाट्याला येते.

या नामावलीतच एक विचार करण्याजोगी गोष्ट दडलेली आहे. ही सर्व माणसे दापोलीतून बाहेर गेली. ती बाहेर गेली म्हणून मोठी झाली, हे खरेच. पण बाहेर जाणे हे या भूमीचे प्राक्तनच ठरले. बुद्धिमान गेला तो शिक्षणासाठी, गरीब गेला तो पोटासाठी. जो राहिला, त्याचे नाव मात्र कुठल्याही नामावलीत आले नाही. गाव राखले ते त्याने.

शेतीचे वर्ष

मे महिन्यातील पाहुण्याला दापोलीची शेती दिसतच नाही. त्या दिवसांत खाचरे कोरडी पडलेली असतात, तांबडी माती भेगाळलेली असते आणि कातळ तापलेला असतो. त्यामुळे कोकण म्हणजे आंबा, नारळ आणि वाळू, असा त्याचा समज होतो. वस्तुतः इथल्या माणसाचे वर्ष भाताभोवती फिरते.

चैत्र-वैशाखात पालापाचोळा, शेण आणि कवळ पसरून राब भाजायचा. मृगाच्या सरी आल्या, की भाजलेल्या वाफ्यात भाताचा पेरा करायचा. तीन-चार आठवड्यांत रोप हाताएवढे होते. मग आषाढात पाऊस कोसळू लागला, की चिखलणी आणि लावणी. डोक्यावर इरले किंवा अलीकडे प्लॅस्टिकचा कागद घेऊन, पोटरीभर चिखलात दिवसभर वाकून, ओळीने बायका रोप लावतात. भाद्रपदात गणपती येतात तेव्हा भात पोटरीत आलेले असते. दसऱ्याला नव्या लोंब्या दाराला बांधल्या जातात. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग झोडणी. त्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ, वाल, पावटा. वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी. पौषात आंब्याला मोहोर, फाल्गुनात शिमग्याची पालखी. असे हे चक्र आहे.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. जांभ्या दगडाची जमीन आणि समुद्राकडे तीव्र उतार. त्यामुळे पाणी थांबत नाही आणि एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात. म्हणून बहुतेक ठिकाणी भाताचे पीक वर्षातून एकच. आसूदसारख्या गावांत पूर्वजांनी ओढ्याचे पाणी पाटाने वळवून नारळी-पोफळीची आगरे फुलवली. केशवराजाच्या देवळाकडे जाणाऱ्या पाखाडीवरून चालताना तो पाट आणि ती गर्द सावली पाहिली, की पाणी अडवण्याची अक्कल आपल्याकडे होती, याची साक्ष पटते.

या शेतीला शास्त्राची जोड मिळावी म्हणून १९७२ साली दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २००१ साली त्याला डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली प्रसारित झालेली ‘रत्ना’, त्यापुढची पातळ कोयीची ‘सिंधू’, काजूच्या ‘वेंगुर्ला’ मालिकेतील जाती, भाताच्या ‘रत्नागिरी’ आणि ‘कर्जत’ या नावांच्या जाती, ही सारी या विद्यापीठाच्या परिवारातील संशोधन केंद्रांची कामगिरी. पाहुण्यांच्या गाड्या या विद्यापीठाच्या दारावरून थेट समुद्राकडे निघून जातात. आत एक संपूर्ण कोकण उभे आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते.

दाराचे कुलूप

आता दुसऱ्या शांततेकडे वळावयास हवे.

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती सुमारे १६ लाख १५ हजार भरली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली आणि रत्नागिरीची जवळजवळ ५ टक्क्यांनी घटली. राज्यात त्या दशकात माणसे कमी झालेले जिल्हे तीनच होते, मुंबई शहर, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी. मुंबई शहराची माणसे उपनगरांत गेली. कोकणची माणसे कुठे गेली, हे सांगण्याची गरज नाही.

त्याच जनगणनेतील आणखी एक आकडा अधिक बोलका आहे. रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. याला कुणी कोकणातील स्त्री-सन्मानाचे प्रमाणपत्र मानतात. त्यात तथ्याचा अंश असेलही. पण या आकड्याचा सरळ अर्थ असा, की कर्ता पुरुष घरात नाही. तो मुंबईत, विरारमध्ये, डोंबिवलीत आहे. मागे राहिली ती आई, पत्नी, म्हातारी सासू. गुरांचे, शेताचे, देवघराचे सारे तिनेच पाहिले. कोकणची शेती आजवर टिकली ती या माउल्यांच्या कण्यावर, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. आता त्यांचेही वय झाले आहे.

हे सारे एका दिवसात घडले नाही. दाभोळ, हर्णै या बंदरांतून आगबोटीने चाकरमानी मुंबईस जात. तेथे गिरणीत लागत आणि गावी मनिऑर्डर पाठवीत. गणपतीला आणि शिमग्याला मात्र न चुकता परतत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, पण परतीची वाट काही उघडली नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तिने येणे सोपे केले आणि जाणेही. जमिनीचा इतिहासही येथे विसरून चालणार नाही. खोती पद्धतीत राबणाऱ्या कुळाला आपल्याच घामाची पुरती मालकी नव्हती. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, पुढे कूळकायद्याने कसणाऱ्याला जमीन मिळाली, हा न्यायच झाला. परंतु पिढ्यांमागून पिढ्या वाटण्या होत गेल्या. आज एखाद्या दहा-पंधरा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असतात. त्यांतील अर्धी शहरात, काही हयात नाहीत, काहींचा पत्ताच नाही. सर्वांची सही मिळाल्याविना काही करता येत नाही. आणि दुसऱ्यास कसावयास द्यावी, तर तो कूळ लागेल ही धास्ती. मग जमीन पडीक राहते.

जमीन पडीक पडली, की रान पुढे सरकते. गडगे ढासळतात, खाचरांत झुडुपे माजतात, रानडुकरे आणि वानरे दाराशी येतात. एकट्यादुकट्या म्हाताऱ्याने शेत लावले, तरी ते राखणार कोण? शेजारच्या चार खाचरांत माणसे होती तोवर राखण सामाईक होती. आता ती एकट्याच्या माथी आली. म्हणून पुढच्या वर्षी तोही लावणी सोडतो. हापूसच्या अनेक बागांत आज राखणीला आणि तोडणीला नेपाळहून आलेले कामगार असतात. गावचा मुलगा मुंबईत इमारतीची राखण करतो आणि गावची बाग राखायला हिमालयाच्या पायथ्याचा माणूस येतो. कष्ट करणाऱ्या त्या माणसाबद्दल आदरच आहे. परंतु हा उफराटा व्यवहार एकदा तरी डोळे उघडून पाहावा असाच आहे.

त्यात निसर्गाचाही आघात झाला. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील नारळी-पोफळी, आंबा, काजू यांच्या बागा मुळांसकट आडव्या केल्या. पोफळीचे झाड फळावर यायला सहा-सात वर्षे लागतात, नारळालाही तेवढीच. सत्तरीच्या माणसाने नवे रोप लावायचे, ते कुणाच्या भरवशावर? घरात तरुण असेल तर लावणी होते, नसेल तर जागा तशीच राहते.

जपानच्या उत्तरेकडे

हे दुखणे केवळ कोकणचे आहे, असे मानण्याचे कारण नाही. जगातील अत्यंत प्रगत, शिस्तप्रिय आणि श्रीमंत अशा जपानच्या उत्तर भागात नेमके हेच चित्र आहे. जपानचे आणि कोकणच्या भाताचे नाते तसे जुने. १९५० च्या दशकात आपल्याकडे जपानी पद्धतीच्या भातलागवडीची मोहीम झाली. गादीवाफ्यावर रोप करावे, ओळीत लावावे, खत मोजून द्यावे, कोळपणी करावी, हे तेव्हा गावोगाव सांगितले गेले. जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी ‘जपानी लावणी’ हा शब्द त्या काळात रुळला.

जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकास आओमोरी हा प्रांत आहे. हिवाळ्यात तिथे पुरुषभर बर्फ साचतो. त्यामुळे भाताचे पीक वर्षातून एकच. आपल्याला पाऊस अडवतो, त्यांना बर्फ अडवतो. तिथला शेतकरीही पूर्वी हिवाळाभर तोक्योस मजुरीला जाई. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत तर शाळा संपवलेल्या मुलामुलींना घेऊन खास आगगाड्या आओमोरीहून राजधानीकडे सुटत. आपल्या आगबोटींसारख्याच त्या भरून जात आणि रिकाम्या परतत. ऑगस्टमध्ये पितरांच्या स्मरणाचा ओबोन सण आला, की शहरात गेलेला जपानी माणूस गावी येतो, घर उघडतो, पूर्वजांच्या स्मृतीला वंदन करतो आणि चार दिवसांनी पुन्हा कुलूप लावतो. आपल्या गणपतीचीच ही दुसरी आवृत्ती.

याच आओमोरी प्रांतात इनाकादाते नावाचे शेतीचे शांत गाव आहे. सभोवार भाताची खाचरे आणि सफरचंदांच्या बागा, क्षितिजावर इवाकी पर्वत. शेजारच्या फुजिसाकी गावातील संशोधन केंद्रात तयार झालेल्या सफरचंदाला १९६२ साली ‘फुजी’ हे नाव मिळाले आणि ते जगभर गेले. आपल्या ‘रत्ना’चे हे थोरले भावंडच म्हणावे. १९९३ साली इनाकादातेच्या लोकांनी एक युक्ती केली. निरनिराळ्या रंगांच्या पानांच्या भातजाती निवडून एका मोठ्या खाचरात अशा रीतीने लावल्या, की रोपे वाढल्यावर उंचावरून पाहणाऱ्यास त्यांत चित्र दिसावे. पहिल्या वर्षी इवाकी पर्वताचे साधे चित्र होते. पुढे ती कला एवढी सूक्ष्म झाली, की उन्हाळ्यात ती पाहायला लाखो लोक येऊ लागले. गावकरी आणि बाहेरून आलेले पाहुणे मिळून लावणी करतात, मिळून कापणी करतात. आपल्या पुण्याजवळही अशी भातचित्रे साकारण्याचे प्रयोग झाले आहेत.

कल्पकता वाखाणण्याजोगी खरीच. तथापि पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. एवढी माणसे येऊनही इनाकादातेची लोकसंख्या घटतच राहिली. प्रेक्षक वाढले, रहिवासी वाढले नाहीत. शेजारच्या आकिता प्रांताची कहाणी तर याहून गंभीर. १९५० च्या दशकात साडेतेरा लाखांच्या घरात असलेली तेथील लोकसंख्या २०१७ साली दहा लाखांच्या खाली आली. वृद्धांचे प्रमाण साऱ्या जपानात तिथे सर्वाधिक आहे. २०२३ च्या पाहणीत संपूर्ण जपानमध्ये सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. त्याच वर्षी आकितात अस्वलांनी माणसांवर केलेल्या हल्ल्यांनी उच्चांक गाठला. माणूस मागे हटला, की रान पुढे येते. आपल्याकडे रानडुक्कर, तिकडे अस्वल, एवढाच फरक.

याचा अर्थ स्पष्ट आहे. केवळ पैसा असून गाव राहत नाही, केवळ रस्ते आणि रेल्वे असूनही राहत नाही. नुसते पाहायला येणारे लोक मिळाले, म्हणूनही राहत नाही.

मुरुडचा फंड

जपानने यावर एक उपाय केला तो मोठा मनोज्ञ आहे. २००८ साली तिथे ‘फुरुसातो नोझेई’ नावाची व्यवस्था सुरू झाली. फुरुसातो म्हणजे आपले मूळ गाव. शहरात कमावणाऱ्याने आपल्या आवडीच्या गावाला देणगी द्यावी आणि तेवढ्या प्रमाणात त्याला करात सवलत मिळावी, अशी ही योजना. २०२३ च्या आर्थिक वर्षात या मार्गाने एक लाख कोटी येनहून अधिक रक्कम जमली. गावे कृतज्ञतेने तांदूळ, फळे, मासळी पाठवू लागली. मात्र पुढे देणगीदार गावाकडे न पाहता भेटीकडे पाहू लागले. अखेर २०१९ मध्ये सरकारला भेटवस्तूच्या मूल्यावर देणगीच्या ३० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. जिव्हाळ्याचा व्यवहार झाला, की हे असे होते.

जपानच्या या योजनेचे कौतुक करताना आपल्या तालुक्यातील एका गोष्टीचे विस्मरण होऊ नये. एकोणिसाव्या शतकात, कायदा नाही, सवलत नाही, परतभेट नाही, अशा काळात मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या गावासाठी ‘मुरुड फंड’ उभा केला. जो गावाबाहेर जाऊन चार पैसे मिळवतो, त्याने त्यातील अंश गावाच्या कामी लावावा, हा त्यामागचा विचार. कर्वे तेव्हा धनवान नव्हते. शिकवण्या करून आणि काटकसर करून दिवस काढणारा तो एक तरुण होता. परीक्षेस बसण्यासाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत डोंगर-घाट पायी तुडवीत गेलेला, आणि वय लहान दिसते म्हणून परत पाठवला गेलेला, तो हाच मुलगा.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. १८९३ साली कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा याच मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी फंड उभारला, त्या गावाने दार बंद केले. तरीही त्यांच्या मनातून गाव गेले नाही. गावावर प्रेम करणे म्हणजे गावाच्या दोषांवर पांघरूण घालणे नव्हे, आणि दोष दिसले म्हणून गाव टाकणेही नव्हे, हा धडा त्यांच्या आयुष्याने घालून दिला. कोकणच्या गावात केवळ माया होती, असे म्हणणे खोटे ठरेल. खोताचा जुलूम होता, पाणवठ्यावरचा भेद होता, विधवेचे हाल होते. जो निघून गेला, त्यातला कुणी या दुःखांपायीही गेला. त्याला परत बोलवायचे असेल, तर जुने सारे जसेच्या तसे उभे करून चालणार नाही. माणसाला मानाने राहता येईल असे गाव त्याच्यापुढे ठेवावे लागेल.

वेळासची वाट

असे गाव उभे राहू शकते का? याचे एक लहान पण खरे उत्तर दापोलीच्या शेजारी, मंडणगड तालुक्यातील वेळास येथे सापडते. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. ती अंडी पूर्वी माणसे आणि कोल्हे-कुत्री नेत. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखण्याचे काम आरंभले. पुढे पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहायला शहरातून लोक येऊ लागले. तेव्हा गावाने मोठी हॉटेले बांधली नाहीत. आपलीच घरे उघडली. पाहुणा पडवीत निजतो, घरात रांधलेले भाकरी-भात, आमटी जेवतो, पहाटे किनाऱ्यावर जातो. त्याचा पैसा त्या घरातील गृहिणीच्या हाती पडतो. आणि सर्वांत मोठे फळ हे, की कालपर्यंत ज्या अंड्यांचे मोल खाण्यापुरते होते, त्यांची राखण गावकरी आज अभिमानाने करतात.

इनाकादाते आणि वेळास यांच्यातील फरक ध्यानी घेण्याजोगा आहे. एके ठिकाणी पाहुणा मनोऱ्यावर चढून दृश्य पाहतो आणि पुढे जातो. दुसऱ्या ठिकाणी तो घरात येतो, माणसांना भेटतो आणि त्याच्या येण्याने गावातील एक काम टिकते. वेळासमुळे मंडणगडची सारी कुलपे निघाली, असा दावा कुणी करणार नाही. पण काही चुली पेटत्या राहिल्या, हे निश्चित. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आखले, त्याचे सारही यापेक्षा वेगळे नाही. शेती हा मुख्य व्यवसाय, पाहुणा हा त्याचा आधार. हा क्रम उलटला, की शेताच्या जागी नुसती दिखाऊ कुटीर उभी राहते आणि शेतकरी तिचा चौकीदार होतो.

पाहुण्याचे कर्तव्य

मग शहरातील कुटुंबाने काय करावे? काही साध्या गोष्टी सुचविता येतील.

पहिली गोष्ट, मे महिन्याबरोबर एकदा आषाढात यावे. लावणीच्या दिवसांत मुलांना घेऊन यावे, त्यांना चिखलात उतरवावे. दोन तास वाकून रोप लावले, की ताटातील भाताकडे पाहण्याची मुलाची दृष्टी बदलते. हा संस्कार पुस्तकातून होत नाही.

दुसरी गोष्ट, शक्य तेथे शेतकऱ्याच्या घरी उतरावे आणि आंबा, काजू, कोकम, नाचणी, कुळीथ थेट त्याच्याकडून घ्यावे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण नाव विकणारे पुष्कळ असतात आणि मोहोरापासून झाड सांभाळणारा एकच असतो. चार रुपयांची घासाघीस त्याच्या दाराशी करू नये.

तिसरी गोष्ट, वाळूवर गाडी घालू नये. मुरुड, कर्दे, आंजर्ले या किनाऱ्यांवर भरधाव मोटारी फिरवण्यात पुरुषार्थ नाही. त्याच वाळूखाली कासवांची घरटी असतात. गोंगाटाला कंटाळून यायचे आणि सोबत गोंगाटच आणायचा, हा पाहुणचाराचा अपमान आहे.

चौथी गोष्ट ज्यांचे स्वतःचे घर कोकणात आहे त्यांच्यासाठी, आणि ती सर्वांत कठीण. या गणपतीत भाऊबंद एकत्र येतील, तेव्हा आरतीनंतर एक तास सातबारा पुढे घेऊन बसावे. मयतांची नावे कमी करावी, वारसांची नोंद करावी, वाटप सामोपचाराने लिहून टाकावे. कोर्टात पिढ्या घालवण्यापेक्षा ते पुण्याचे आहे. जमीन कसता येत नसेल, तर गावातील कष्टाळू तरुणाला किंवा बचत गटाला रीतसर लेखी कराराने कसू द्यावी. चारसूत्री पद्धतीने भात लावणारा, पॉवर टिलर चालवणारा, बागेची कलमे बांधणारा मुलगा आजही गावात आहे. त्याच्यापाशी हिंमत आहे, जमीन नाही. जमीन आहे त्याच्यापाशी वेळ नाही. ही गाठ घालून देणे हे आजच्या काळातले मोठे समाजकार्य ठरेल.

आणि पाचवी गोष्ट, प्रत्येक वाडीने आपला ‘मुरुड फंड’ पुन्हा सुरू करावा. ग्रामदैवताच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराला मुंबईकर भरभरून देतो, हे सर्वांनी पाहिले आहे. त्या औदार्याचा काही भाग पाण्याच्या बंधाऱ्याला, शाळेच्या शिक्षकाला, रानडुकरांपासून शेत राखणाऱ्या सामाईक कुंपणाला मिळाला, तर देवही प्रसन्न होईल. गाव नांदते असेल तरच पालखीला खांदा मिळतो.

समारोप

बंधु-भगिनींनो, दापोलीची हवा थंड आहे, समुद्र निळा आहे, आंबा गोड आहे. हे सारे पुढील शंभर वर्षे तसेच राहील. पण आषाढातील त्या खाचरात वाकलेली पाठ पुढील वीस वर्षे राहील की नाही, याची शाश्वती आज कुणी देऊ शकत नाही. जपानसारख्या संपन्न राष्ट्राला जे पुरते साधले नाही, ते आपल्याला आपोआप साधेल, अशा भ्रमात राहता येणार नाही. त्यांच्याकडे तरुणच कमी उरले आहेत. आपल्याकडे ते अद्याप आहेत, फक्त गावात नाहीत. आपल्या हाती अजून थोडा अवधी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून कोकणात शांतता शोधायला जरूर यावे. पण निघण्यापूर्वी, ज्या घरी उतरलो त्या घरातील मुलगा काय करतो, शेत कोण लावते, पलीकडच्या दाराला कुलूप का आहे, एवढी चौकशी आपुलकीने करावी. त्या चौकशीचे उत्तर ऐकून पुढच्या आषाढात जो पुन्हा येईल, तो पर्यटक राहणार नाही. तो त्या गावाचा सोयरा होईल. कोकणला आज अशा सोयऱ्यांची गरज आहे.